घरबसल्या काम आणि घराची शांती

गेल्या वर्षी काही कामानिमित्त हैदराबादेस जाण्याचा योग आला. आपल्या धर्मग्रामातील एक कुटुंब नोकरीमुळे तेथे राहते. "फादर, एक संध्याकाळ आमच्या घरी या, जपमाळ सर्वांनी मिळून म्हणू," असा त्यांचा आग्रह पडला. त्याप्रमाणे गेलो. घर लहान पण नीटनेटके, भिंतीवर पवित्र कुटुंबाची तसबीर आणि तिच्यापुढे दिवा. त्याच तसबिरीखाली टेबलाशी घरची सून संगणक उघडून, कानाला यंत्र लावून, कोणाशी तरी हलक्या आवाजात बोलत बसली होती. "पाचच मिनिटे," अशी तिने मला बोटांनी खूण केली. पाचाची पन्नास झाली. जपमाळ संपली, लहानग्याने आईची वाट पाहून डोळे मिटले, आणि मग ती उठून आली. तिचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, "फादर, मी दिवसभर घरातच असते, पण घरात नसतेच."

प्रिय वाचकहो, त्या माउलीचे हे एकच वाक्य मी गावी परतलो तरी मनातून जाईना. आज आपल्या खेड्यापाड्यांतील कितीतरी मुले-मुली हैदराबाद, पुणे, बंगळूर अशा शहरांत संगणकावरची कामे करतात. "माझ्या मुलीला घरी बसून काम मिळाले, देव पावला!" असे आईबाप समाधानाने सांगतात. त्यांचे समाधान खोटे नाही. परंतु हे वरदान कोणत्या अटींवर वरदान राहते, आणि केव्हा त्याचे ओझे होते, याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

वास्तविक घरबसल्या काम ही गावच्या माणसास नवलाची गोष्ट नव्हे. कुंभाराचे चाक अंगणात फिरे, कोष्ट्याचा माग पडवीत खडखडे, आणि शेतकऱ्याचे घर म्हणजे तर निम्मे कोठारच. पुढे गिरण्या आल्या, भोंगे वाजू लागले, आणि घर एकीकडे व काम दुसरीकडे अशी फारकत झाली. त्या भोंग्याला आपण पुष्कळ नावे ठेवली. पण त्याचा एक गुण मान्य केला पाहिजे. सकाळी तो कामावर बोलावी, तसाच संध्याकाळी सुट्टीही देई. शेतावरही दिवस मावळला की बैल सुटत. संगणकाला मात्र ना भोंगा, ना मावळती. आपली रात्र होते तेव्हा अमेरिकेत दिवस उजाडतो, आणि तिकडचा साहेब कामावर आला की इकडच्या घरात दिवा जळत राहतो.

हैदराबाद आपल्या मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांना परके नव्हते. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. त्या शहरात १९९८ साली हायटेक सिटी या वसाहतीतील 'सायबर टॉवर्स' या इमारतीचे उद्घाटन झाले, आणि पाहता पाहता माधापूर, गच्चीबावली हे भाग संगणकाच्या कचेऱ्यांनी भरून गेले. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा या कचेऱ्यांतील माणसे आपापले संगणक घेऊन घरी गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने दूरसंचाराचे काही नियम सैल करून अशा कामास वाट मोकळी करून दिली. साथ ओसरल्यावर पुष्कळ कंपन्यांनी माणसांना परत बोलावले. तरीही आठवड्यातील काही दिवस घरून, काही दिवस कचेरीतून, ही रीत अनेक ठिकाणी टिकून राहिली.

या रीतीचे लाभ मोकळ्या मनाने मान्य करावेत. शहरात जाण्यायेण्यात रोजचे दोन-तीन तास जात, ते वाचले. बाप मुलांच्या जेवणाला हजर राहू लागला. अंथरुणास खिळलेल्या आईवडिलांजवळ राहूनही पोट भरता येऊ लागले. ज्यांना चालता-फिरता येत नाही अशांना नोकरीचे दार उघडले. बाळंत स्त्रीला तर हा मोठाच आधार. २०१७ साली मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तिने भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेली, आणि कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर उभयतांच्या संमतीने घरून काम करण्याचीही मुभा दिली. आईला बाळ आणि भाकर यांतून एकाचीच निवड करावी लागू नये, हा त्यामागचा हेतू खचित स्तुत्य आहे.

आता दुसरी बाजू पाहू. कचेरीतून सुटलेला माणूस वाटेत तरी मोकळा असतो. घरी काम करणाऱ्यास ती वाटही नाही. 'घरीच तर आहेस' असे म्हणून कंपनी रात्री काम सांगते, आणि 'घरीच तर आहेस' असे म्हणून घरचेही दिवसा काम सांगतात. या दोन वाक्यांच्या जात्यात विशेषतः सून भरडली जाते. नव्याने कामास लागलेल्या तरुणास अनुभवी माणसाशेजारी बसून जे सहज शिकता येते, तेही एकट्या खोलीत मिळत नाही. शरीर तरी किती सोसणार? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यास, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यापेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. ही पाहणी सर्वच कामगारांविषयी आहे. पण ज्याच्या कामाला शेवटच नाही, त्याने तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे.

तथापि केवळ संगणकवाल्यांचा विचार करून थांबलो, तर आपण अन्याय करू. दुसऱ्या दिवशी गनफाउंड्री भागातील संत योसेफाच्या महामंदिरात मिस्सा झाल्यावर मी चारमिनारकडे गेलो. त्याच्या अंगासच लाड बाजार आहे. तेथील लाखेच्या बांगड्या प्रसिद्धच आहेत. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. लाख विस्तवावर मऊ करून तिचे कडे वळवावयाचे, आणि मग त्यावर एकेक खडा, एकेक आरसा हाताने बसवावयाचा. दुकानात झगमगणारी ही बांगडी जुन्या शहरातील गल्ल्यांत, लहान लहान खोल्यांत तयार होते, आणि कितीतरी स्त्रिया आपल्या घरीच हे काम करतात. बंद दाराआड काय चालते ते सहजी कोणास दिसत नाही, हाच यातील धोका. जानेवारी २०१५ मध्ये हैदराबादच्या पोलिसांनी जुन्या शहरातील बांगड्यांचे काम चालणाऱ्या अशाच जागांतून दोनशेहून अधिक मुलांची सुटका केली. त्यांतील बहुतेक बिहारहून आणलेली होती.

हैदराबादेहून पुण्याकडे येताना वाटेत सोलापूर लागते. तेलंगणातून पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी आलेल्या विणकर कुटुंबांनी ते शहर वाढविले, आणि त्यांच्याच घरांतील हजारो स्त्रिया विड्या वळू लागल्या. पान भिजवावयाचे, कापावयाचे, तंबाखू भरून वळावयाचे, दोऱ्याने बांधावयाचे. हजार विड्यांमागे मजुरी ठरलेली. वाईट म्हणून बाजूस काढलेल्या मालास 'छाट' म्हणतात; ती निघाली की बाईचे श्रम पाण्यात. कारखानदारास छप्पर बांधावे लागत नाही. घर बाईचे, दिवा बाईचा, आणि तंबाखूची धूळ श्वासातून जाते तीही तिच्या व तिच्या लेकरांच्या. १९६६ साली संसदेने विडी व सिगार कामगारांसाठी कायदा करून घरी विडी वळणाऱ्या बाईलाही 'कामगार' हे नाव दिले. कारखानदारांनी त्यास आव्हान दिले, परंतु १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. जिचे घर हाच कारखाना, तिला निदान घर तरी धड असावे, म्हणून पुढे सोलापूरजवळ कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. त्यांचा झगडा लांबचा होता. पण एकजुटीने तो तडीस गेला.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली, म्हणजे साथीपूर्वीच, जगात सुमारे २६ कोटी माणसे घरी राहून काम करीत होती, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. संगणकावर बसलेली सून आणि विडी वळणारी बाई यांच्या मिळकतीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तरी दोघींचे दुखणे एका मुळाचे आहे. त्यांचे काम कोणाच्या नजरेस पडत नाही, म्हणून त्याची मर्यादाही कोणी पाळीत नाही.

आपल्या श्रद्धेला घरातील काम परके नाही. नासरेथच्या घरी संत योसेफ सुतारकाम करीत होता, आणि प्रभू येशूला लोक सुताराचा मुलगा म्हणूनच ओळखीत. करिंथ नगरात अक्विला व प्रिस्किल्ला हे दांपत्य तंबू करण्याचा धंदा करी. संत पौल त्यांच्याकडे राहून तेच काम करू लागला. पुढे याच दांपत्याच्या घरी ख्रिस्ती मंडळी प्रार्थनेस जमत असे. म्हणजे ज्या छपराखाली काम, त्याच छपराखाली प्रार्थना नांदू शकते. मात्र प्रार्थनेची वेळ झाली की सुई खाली ठेवावी लागते. पोपमहाशय लिओ तेरावे यांनी १८९१ सालच्या आपल्या परिपत्रकात कामगाराच्या न्याय्य वेतनाचा आणि प्रभुवारच्या विश्रांतीचा कैवार घेतला. पोपमहाशय जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली शिकविले की, काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नव्हे. पोपमहाशय बारावे पायस यांनी तर १९५५ साली १ मे हा दिवसच कामकरी संत योसेफास वाहिला.

म्हणून माझी आपणांस चार गोष्टींची विनंती आहे. पहिली, घराला जसा उंबरठा असतो तसा कामालाही घालावा. सुटण्याची वेळ ठरवावी, ती वरिष्ठांस स्पष्ट व नम्रपणे कळवावी, आणि मग यंत्र झाकून ठेवावे. दुसरी, घरी काम करणारी सून 'बसलेली' नसते, हे सासू-सासऱ्यांनी आणि विशेषेकरून नवऱ्याने ध्यानी घ्यावे. तिच्या कामाच्या वेळी चूल इतरांनी सांभाळावी. तिसरी, मजुरीचे घरकाम घेणाऱ्या माताभगिनींनी दिलेल्या व घेतलेल्या मालाचा आणि पैशाचा हिशेब वहीत लिहावा, एकटीने सौदा न करता मिळून करावा, आणि मुलांची शाळा त्या कामापायी कदापि बुडू देऊ नये. चौथी, प्रभुवार आणि रोजच्या जपमाळेची घटका ही देवाची व कुटुंबाची आहे. ती कोणत्याही धन्यास विकू नये.

त्या हैदराबादच्या सुनेचा काही महिन्यांनी फोन आला. तिने वरिष्ठांशी बोलणे केले. आठवड्यातील चार संध्याकाळी साडेसातला यंत्र बंद करण्यास त्यांनी मान्यता दिली. पाचव्या दिवशी मात्र अजून उशीर होतोच. संध्याकाळच्या पोळ्या आता नवरा लाटतो. "वाकड्या होतात, फादर, पण होतात," असे म्हणून ती हसली. टेबलही तिने तसबिरीखालून काढून दुसऱ्या भिंतीशी नेले आहे. संपूर्ण विजय नव्हे हा. परंतु चार संध्याकाळी त्या घरात आई परत आली आहे.

नासरेथच्या घरात कामही होते आणि शांतीही होती. कामकरी संत योसेफाच्या मध्यस्थीने ती शांती आपल्या प्रत्येकाच्या घरात, मग ते गावी असो वा शहरी, नांदो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.