फुटबॉलमधील राखणदार : डेरिक परेरा यांची कारकीर्द

फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते. गोल होऊ न देणाऱ्याचे येत नाही. हा केवळ वार्ताहरांचा दोष आहे असे आम्हाला वाटत नाही. झालेली गोष्ट दिसते, टळलेली दिसत नाही, हा जगाचा रिवाजच आहे. पुण्याला पानशेतचे धरण आठवते ते १९६१ साली फुटले म्हणून. जी धरणे वर्षानुवर्षे पाणी अडवून उभी आहेत त्यांची आठवण कोण काढतो? कारखान्यातही तेच. बंद पडलेले यंत्र चालू करणाऱ्याची पाठ थोपटली जाते. ते बंद पडूच न देणारा फिटर हजेरीपटावरचे एक नाव म्हणून जातो आणि तसाच निवृत्त होतो.

अशाच एका राखणदाराची कारकीर्द या व्याख्यानमालेच्या वाचकांपुढे मांडावी असे आम्ही योजिले आहे. डेरिक परेरा हे त्यांचे नाव. ते गोव्याचे. जन्म १९६२ चा, म्हणजे गोवा मुक्त झाल्यानंतर अवघ्या काही महिन्यांचा. भारताकडून खेळलेले बचावपटू, पुढे प्रशिक्षक. आणि २००९ ते २०१३ ही चार वर्षे पुण्याच्या संघाचे प्रशिक्षक. त्यांच्या कारकिर्दीचा विचार करताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. बचावपटूचे काम नेमके काय, त्या कामातून प्रशिक्षक कसा घडतो, आणि अशा माणसांनी उभे केलेले संघ आपल्याकडे टिकत का नाहीत. तिसरा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पण तो समजण्यासाठी पहिले दोन आधी समजले पाहिजेत.

प्रथम बचावाविषयी. जुन्या काळी संघात दोन बचावपटू मागे असत आणि बाकीचे बहुतेक पुढे धावत. त्या काळच्या ऑफसाइडच्या नियमाने चेंडू घेणाऱ्या खेळाडूपुढे प्रतिपक्षाची तीन माणसे असावी लागत, त्यामुळे दोघांचे भागत असे. १९२५ साली तीनांची अट दोनांवर आली आणि गोलांचा पाऊस पडू लागला. तेव्हा इंग्लंडमधील आर्सेनल संघाच्या हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या फळीतील मधला खेळाडू मागे ओढून दोन बचावपटूंच्या मध्ये उभा केला. हाच तो ‘स्टॉपर’. पुढे १९५८ साली ब्राझीलने मागे चार माणसे ठेवून विश्वचषक जिंकला आणि चौघांची फळी जगभर रूढ झाली.

या चौघांचे काम रेल्वेच्या गँगमनांसारखे आहे. रूळ उचलायचा तर आवाजाबरोबर सर्वांनी एकदम उचलला पाहिजे. एक जण मागे राहिला तर रूळ त्याच्याच पायावर पडतो. ऑफसाइडची रेषा अशीच असते. चौघांनी मिळून दोन पावले पुढे टाकली तर प्रतिपक्षाचा आघाडीवीर सापळ्यात सापडतो. तिघांनीच टाकली तर तोच मोकळा सुटतो. म्हणून या फळीत आवाज देणारा एक जण लागतो, आणि तो बहुधा मधला बचावपटू असतो. त्याचे तोंड प्रतिपक्षाच्या गोलाकडे असते, बहुतेक मैदान त्याच्या नजरेसमोर असते. आघाडीवीर पाठ करून चेंडू घेतो; बचावपटू समोरून येणारा डाव वाचतो. संकट जवळ आल्यावर धावणारा बचावपटू बरा. संकट कोठून येणार हे ओळखून आधीच तेथे जाऊन उभा राहणारा अधिक चांगला. प्रेक्षकांना पहिल्याचे कौतुक वाटते, कारण तो घसरून, लोळून चेंडू काढतो. दुसऱ्याचे कपडे मळत नाहीत, म्हणून तो काही करत नाही असे वाटते.

येथेच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दडले आहे. ज्याला तरुणपणीच सगळे मैदान पाहण्याची आणि इतरांना जागा दाखवण्याची सवय लागते, तो प्रशिक्षणाचे निम्मे काम खेळतानाच शिकलेला असतो. जर्मनीचे फ्रान्झ बेकेनबाउअर मागून खेळणारे. त्यांनी १९७४ साली कर्णधार म्हणून आणि १९९० साली प्रशिक्षक म्हणून विश्वचषक जिंकला. आपल्याकडे १९७० च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या संघाचे कर्णधार सय्यद नईमुद्दीन बचावपटू होते. पुढे ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. अर्थात प्रत्येक बचावपटू प्रशिक्षक होतो असे नव्हे. पण त्या वाटेवर तो इतरांपेक्षा दोन पावले पुढून निघतो.

परेरा ज्या गोव्यात वाढले तेथे फुटबॉल हा गावागावाचा खेळ. त्यांच्या तरुणपणी गोव्याच्या फुटबॉलला बहर आला होता. १९८२-८३ च्या मोसमात गोव्याने बंगालबरोबर संतोष चषक वाटून घेतला आणि पुढच्याच मोसमात तो एकट्याने जिंकला, तोही संपूर्ण स्पर्धेत एकही गोल न स्वीकारता. गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर यांचे नाव त्या यशाशी कायमचे जोडले गेले आहे. ज्या प्रदेशाचा मोठा विजय बचावाने मिळवला गेला, त्या प्रदेशात बचावपटूला मान असणार हे उघडच आहे. परेरा यांचे खेळाडू म्हणून नाव झाले ते वास्कोच्या साळगावकर संघात. हा संघ १९५६ सालचा, खाणमालकांच्या पदराखाली वाढलेला. १९८८ आणि १९८९ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने फेडरेशन चषक जिंकला.

येथे थोडे थांबून त्या काळच्या व्यवस्थेविषयी बोलले पाहिजे, कारण आम्ही कामगार चळवळीतली माणसे खेळाकडेही पगाराच्या दिवसापासून पाहतो. त्या काळी चांगला फुटबॉलपटू बहुधा कुठल्या तरी नोकरीत असे. रेल्वे, बँका, पोलीस, लष्कर, मुंबईत महिंद्र, टाटा, मफतलाल, ऑर्के यांचे संघ. खेळाडूचे नाव मस्टरवर असे आणि बूट खुंटीला टांगल्यावरही पहिल्या तारखेला हाती काही तरी पडे. या व्यवस्थेत दोष पुष्कळ होते. खेळ दुय्यम राहत असे आणि साहेबाची मर्जी सांभाळावी लागत असे. पण गुडघा मोडला म्हणून चूल विझत नसे.

१९९६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि धंदेवाईक कराराचा काळ आला. नोकरी गेली, करार आला. पैसे वाढले, हे खरे. पण मुदतही आली. परेरा यांची कारकीर्द या दोन्ही काळांवर पाय ठेवून उभी आहे, म्हणूनच ती आम्हाला अभ्यासण्यासारखी वाटते. नोकरीच्या काळात ते खेळले आणि कराराच्या काळात त्यांनी शिकवले.

प्रशिक्षक म्हणून त्यांचे पहिले मोठे यश मुंबईत. महिंद्रचा संघ १९६२ सालचा. २००० साली त्याचे नाव महिंद्रा युनायटेड झाले. परेरा यांच्या हाताखाली या संघाने २००५ चा फेडरेशन चषक आणि २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. कोलकाता, गोवा आणि पंजाब यांच्या बाहेर त्या लीगचा चषक गेला तो एवढाच, आणि तो महाराष्ट्रात आला. २००७ साली हाच संघ आशियाई फुटबॉल महासंघाच्या चषकात उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला.

मग ते पुण्यात आले. पुणे फुटबॉल क्लब अशोक पिरामल समूहाने २००७ साली काढला. २००९ साली दुसऱ्या श्रेणीतून तो आय-लीगमध्ये चढला आणि परेरा प्रशिक्षक झाले. पहिल्याच मोसमात, २००९-१० मध्ये, हा नवखा संघ तिसरा आला. आणि २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरा. चौदा संघांच्या त्या लीगमध्ये प्रत्येकाला सव्वीस सामने खेळावे लागत. चषकाची स्पर्धा चार दिवस अंगात आलेल्या संघालाही जिंकता येते. लीगमध्ये आठ महिने रोज कामावर यावे लागते. बचावपटूच्या स्वभावाला असली लढाई मानवते.

या संघातली दोन माणसे सांगण्यासारखी आहेत. केरळचा बचावपटू अनस एडाथोडिका २०११ साली पुण्यात आला. भारताचा सदरा त्याच्या अंगावर चढला तो २०१७ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी. दुसरा आराता इझुमी. जपानमध्ये जन्मलेला, वडील भारतीय. त्याने जपानचे नागरिकत्व सोडले, भारताचे घेतले आणि २०१३ साली भारताकडून खेळला. एकाला उशिरा न्याय मिळाला, दुसऱ्याने घर बदलले. आणि दोघांच्याही वाटेवर बालेवाडीचे मैदान होते. क्रिकेटच्या या शहरात हे घडत होते आणि आपल्यापैकी किती जणांना ते ठाऊक होते, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. २०१३ साली परेरा साळगावकरकडे गेले. २०१५-१६ च्या मोसमात ते पुन्हा पुण्यात, डीएसके शिवाजीयन्सचे प्रशिक्षक म्हणून. तो संघ नऊ संघांत शेवटचा आला. त्या मोसमाची एक गोष्ट चमत्कारिक आहे. शिवाजीयन्सला पैसे भरून थेट प्रवेश मिळालेला असल्यामुळे खाली उतरण्यापासून अभय होते. म्हणून आठवा आलेला मिझोरामचा ऐजॉल संघ उतरवला गेला. पुढे त्याला परत घेण्यात आले आणि २०१६-१७ ची लीग त्याच ऐजॉलने जिंकली! परेरा नंतर चर्चिल ब्रदर्स आणि मग एफसी गोवा येथे गेले. २०१९ साली ते भारताच्या तेवीस वर्षांखालील संघाचे प्रशिक्षक होते. २०२१ च्या डिसेंबरात एफसी गोवाचे स्पॅनिश प्रशिक्षक मोसमाच्या मध्यावरच दुसरीकडे निघून गेले, तेव्हा संघ सांभाळायला परेरा यांनाच उभे केले गेले. बचावपटूच्या नशिबी हेच असते. पुढचा चुकला की मागच्याने धावायचे.

आता तिसरा प्रश्न. परेरा यांनी ज्या घरांत काम केले त्यांचे काय झाले ते पाहा. महिंद्रा युनायटेड २०१० साली बंद झाला. पुणे एफसी २०१५ साली संपला. साळगावकरने २०१६ साली राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. शिवाजीयन्स २०१७ साली मिटला. पुण्यापुरते बोलायचे तर त्यात कल्याणी समूहाचा भारत एफसी मिळवा, जो २०१४-१५ चा एकच मोसम खेळला. आणि एफसी पुणे सिटी मिळवा, जो २०१४ साली आला नि २०१९ साली गेला, आणि त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबादचा संघ आला. पाच वर्षांत एका शहरातले चार संघ! एवढ्या गिरण्या पाच वर्षांत बंद पडल्या असत्या तर मोर्चे निघाले असते. हे संघ मात्र आवाज न करता गेले.

याचे कारण खेळात नाही, जमाखर्चात आहे. आपल्याकडचा क्लब तिकिटांवर जगत नाही, प्रक्षेपणाच्या पैशावरही फारसा जगत नाही. तो मालकाच्या ओंजळीने पाणी पितो. मालकाचा धंदा बसला किंवा मन उडाले की ओंजळ मिटते. ज्या वर्षी संघ दुसरा येतो त्या वर्षीही तो तोट्यातच असतो, म्हणून चांगल्या खेळाने क्लब वाचत नाही. प्रशिक्षकाच्या दृष्टीने यासारखी क्रूर गोष्ट नाही. २०२५ साली हेच दुखणे साऱ्या देशाच्या फुटबॉलला जडले. २०१० चा पंधरा वर्षांचा व्यापारी करार डिसेंबरात संपणार आणि पुढचे ठरलेले नाही, म्हणून जुलैमध्ये इंडियन सुपर लीगचा मोसमच लांबणीवर पडला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले.

मग उपाय काय? कोल्हापूरकडे पाहा. तेथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम यांचे संघ पेठेच्या जिवावर उभे आहेत. शाहू स्टेडियमवर गर्दी मावत नाही. मालक नाही, म्हणून मालक गेला तरी संघ जात नाही. परंतु तालमीच्या वर्गणीतून धंदेवाईक खेळाडूचा पगार निघत नाही, हेही मान्य केले पाहिजे. जर्मनीत निराळी तोड काढली आहे. तेथे क्लबात भांडवलदार पैसे घालू शकतो, पण काही अपवाद सोडले तर निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या हाती राहतात. पैसा एकाचा आणि घर सर्वांचे, अशी ही वाटणी आहे. ती येथे जशीच्या तशी बसेल असे नाही. पण विचार त्या दिशेने झाला पाहिजे.

खेळाडूंनीही आपली संघटना बळकट केली पाहिजे. इंग्लंडमध्ये खेळाडूंची युनियन १९०७ साली मँचेस्टरला स्थापन झाली. आठवड्याला वीस पौंडांच्या वर पगार द्यायचा नाही हा तेथला नियम १९६१ साली मोडला, तो संपाच्या नोटिशीपुढे. आपल्याकडे भायचुंग भुतिया आदींनी २००६ साली खेळाडूंची संघटना काढली. ती आहे हे चांगले. पण संघटना कागदावर असणे आणि फळी एका आवाजाबरोबर पुढे सरकणे यांत अंतर आहे.

पुण्यात आज ना उद्या पुन्हा कोणी क्लब काढील. मैदान आहे, पोरे आहेत, पैसेवालेही आहेत. तेव्हा ढोलताशे वाजवण्यापूर्वी नागरिकांनी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. क्लब बंद करायची वेळ आली तर करारातील उरलेले पगार देण्यापुरती रक्कम बँकेत वेगळी ठेवली आहे काय? सामन्यात जायबंदी झालेल्या खेळाडूचा औषधोपचार आणि पगार कोण देणार? आणि क्लबच्या कारभारात या शहरातल्या सभासदांना मत आहे काय? या तीन प्रश्नांना होकार मिळाला तर वर्गणी द्यावी, तिकीट काढावे, पोरांना घेऊन बालेवाडीला जावे. आणि गेल्यावर नजर केवळ चेंडूमागे धावू देऊ नये. थोडा वेळ मागच्या चौघांकडे पाहावे. हात वर करून आवाज देणारा एक जण दिसेल. संघ त्याच्या जिवावर उभा असतो.