रानातील सोबती : चाकू, काठी आणि घोंगडे

सुट्टी लागली की वर्धनगड किंवा भूषणगड चढून जावे, येरळेच्या काठाने दिवसभर भटकावे, अशी इच्छा उत्साही विद्यार्थ्यांच्या मनात उद्भवते. मग सोबत काय न्यावे, असा प्रश्न पडतो. आणि त्या यादीत बहुधा पहिले नाव चाकूचे असते. आईबापांच्या मनात मात्र ते नाव ऐकताच धास्ती उत्पन्न होते. उभयतांचे समाधान व्हावे, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहे.

प्रथम माझ्याच एका चुकीची कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका सहलीत आठवीतील एका मुलाने काठी सोलण्यासाठी माझ्याजवळ चाकू मागितला. लहान मुलाच्या हाती बोथट चाकूच बरा, अशा समजुतीने मी धार गेलेला एक जुना चाकू त्याला दिला. पाते लाकडात शिरेना, म्हणून त्याने जोर केला. पाते घसरले आणि डाव्या हाताच्या अंगठ्यात खोल गेले. धारदार पाते थोड्या दाबाने हवे तेथे जाते. बोथट पात्यास बळ लावावे लागते, आणि ते निसटले म्हणजे ते बळ आवरता येत नाही. हा धडा मी शिकलो, पण त्याची किंमत त्या मुलाने दिली.

रानासाठी चाकू मोठा नसावा. पाते तळहाताच्या रुंदीएवढे असले तरी पुरे. न मिटणारा चाकू सर्वांत भक्कम होय. त्याच्या पात्याचा मागील भाग मुठीच्या शेवटापर्यंत गेलेला असावा, म्हणजे मूठ निखळत नाही. आणि काम संपताच तो म्यानात जावा. मिटणारा चाकू खिशात मावतो. परंतु पाते अवचित मिटून बोटे सापडण्याचे भय असते. फ्रान्समधील ओपिनेल चाकूस १९५५ साली पाते अडकवून ठेवणारे फिरते कडे जोडण्यात आले, ते याच कारणास्तव.

पात्याचा खरा गुण पोलादात आणि त्यावरील संस्कारात असतो. पोलाद लाल तापवून एकदम थंड केले म्हणजे ते कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा कमी करतात. साधे पोलाद निसण्यावर लवकर धार घेते, परंतु गंजते. ते कोरडे पुसून वर तेलाचे बोट फिरवावे. सहसा न गंजणारे पोलाद शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ साली तयार केले. आळशी मालकास तेच बरे!

धार लावताना कोन कसा साधावा? भूमितीतील काटकोन आठवा. पाते निसण्यावर उभे धरा. तो काटकोन निम्मा करा, म्हणजे पंचेचाळीस अंश झाले. तोही निम्मा करा. सुमारे बावीस अंशांचा हा कोन रानच्या चाकूस योग्य. तो न बदलता दोन्ही बाजू सारख्याच वेळा घासाव्यात.

चाकू वापरताना बसावे, हातभर अंतरात कोणी नाही हे पाहावे, आणि पाते नेहमी अंगापासून दूर चालवावे. दुसऱ्यास देताना मूठ पुढे करावी. उघडे पाते हाती घेऊन कधीही चालू नये.

चाकूखेरीज सामान थोडेच लागते. काठी चढणीवर आधार देते व गवतात पुढे आपटीत गेल्यास सापास वाट सोडण्याची सूचना देते. आपल्या धनगरांचे घोंगडे अंथरूण, पांघरूण आणि पावसात खोळ, असे तिन्ही काम करते. यांसोबत भरपूर पाणी, थोडा दोर, शिट्टी, डब्यात कोरडी राहिलेली काडेपेटी आणि जखमेसाठी स्वच्छ फडके असावे. त्या दिवशी असे फडके जवळ होते, म्हणूनच घट्ट दाबून रक्त थांबविता आले.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपला खटाव तालुका अवर्षणाचा. येथे वाढलेल्या प्रत्येक झाडाने कित्येक कोरडे उन्हाळे सोसलेले असतात. म्हणून हिरवी फांदी तोडू नये, सालीवर नाव कोरू नये. खाली पडलेले वाळके लाकूडच घ्यावे. पश्चिमेस कोयनेच्या अभयारण्यात जाणार असाल तर चाकू घरीच ठेवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्रांच्या व्याख्येत चाकूही येतो, आणि लेखी परवानगीवाचून शस्त्र घेऊन अभयारण्यात प्रवेश करता येत नाही.

पालकांस विनंती अशी की, चाकू लपवून ठेवण्यापेक्षा मुलास जवळ बसवून धार लावण्यास शिकवावे. ज्याने तासभर खपून धार लावली, तो तिचा मान राखतो. आणि विद्यार्थ्यांनो, चाकूची परीक्षा तो किती कापतो यावरून होते. तुमची परीक्षा मात्र तुम्ही काय न कापता परत येता, यावरून होईल.