कॅज्युअल्टीतलं संशोधन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इमर्जन्सी मेडिसिनला भारतात २००९ मध्ये स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली. पण जीव वाचवायला शिकणाऱ्या डॉक्टरांना संशोधन कशाला शिकवायचं, असं आजही विचारलं जातं. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात तर हमखास. त्याचं उत्तर कोकणातच आहे.

गैरसमज : संशोधन हे मुंबई-पुण्याच्या मोठ्या इस्पितळांचं काम.

वस्तुस्थिती : लाल विंचवाच्या दंशावरचं जगन्मान्य काम कोकणातल्याच महाड तालुक्यात झालं. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांची बारकाईने पाहणी सुरू केली आणि १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पूर्वी गंभीर दंशाचे शंभरातले पंचवीस-तीस रुग्ण दगावत. प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरात आल्यावर ते प्रमाण एकाच्या आसपास आलं.

गैरसमज : अनुभव दांडगा असला की पुरे.

वस्तुस्थिती : प्राझोसिनचा वर्षानुवर्षांचा अनुभव गाठीशी असूनही बावस्करांनी ७० रुग्णांमध्ये तुलना केली. निम्म्यांना फक्त प्राझोसिन, निम्म्यांना सोबत विंचवाच्या विषावरचं प्रतिविष. कोणाला काय द्यायचं, हे डॉक्टरच्या मर्जीवर सोडलं नव्हतं. दहा तासांत पहिल्या गटातले ३५ पैकी ८ पूर्ण बरे झाले, दुसऱ्यातले ३२. हा निष्कर्ष २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. एवढा फरक नुसत्या आठवणींवरून सिद्ध झाला नसता.

गैरसमज : धावपळीत संशोधनाला सवड कुठली?

वस्तुस्थिती : सुरुवात केसपेपरवरच होते. ‘रात्री विंचू चावला, उपचार दिले’ एवढ्या नोंदीतून काहीच हाती लागत नाही. दंश किती वाजता झाला, रुग्ण कधी पोचला, घाम, उलट्या, हातपाय गार आहेत का, रक्तदाब किती, पहिला डोस कधी दिला, हे लिहायला हवं. पुढच्या पाळीच्या डॉक्टरलाही नेमकं हेच लागतं.

गैरसमज : बेशुद्ध रुग्णांवर प्रयोग होतात.

वस्तुस्थिती : नीतिमत्ता समितीच्या मंजुरीशिवाय अभ्यास सुरूच करता येत नाही. रुग्ण संमती देण्याच्या स्थितीत नसेल, तर काय करायचं याचे नियम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहेत. हे नियम शिकवणं हाही प्रशिक्षणाचाच भाग.

गैरसमज : थिसिस म्हणजे पदवीपुरता सोपस्कार.

वस्तुस्थिती : एमडीच्या विद्यार्थ्यांना थिसिससोबत संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रमही सक्तीचा आहे. शिवाय तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावं लागतं. त्या तीन महिन्यांत वरिष्ठांनी रेसिडेंटला जवळ बसवून इथल्याच रुग्णांमधून एक प्रश्न निवडायला लावावा आणि त्याच्या नोंदी स्वतः तपासाव्यात. कोकणातल्या रुग्णांना कोणता उपचार लागू पडतो, हे कोकणातच शोधावं लागेल.