तळाशी उरलेला साका

हिमोफिलिया असलेल्या मुलाचं रक्त लवकर गोठत नाही. सांध्यात साचतं, गुडघा सुजतो. पूर्वी त्याला पिशव्याच्या पिशव्या प्लाझ्मा चढवावा लागे.

१९६४ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ज्युडिथ पूल यांनी दाखवलं, की गोठवलेला प्लाझ्मा थंडीतच हळूहळू वितळवला तर तळाशी साका उरतो. रक्त गोठवणारा आठवा घटक त्यातच भरपूर! हा साका, म्हणजे क्रायो, साध्या रक्तपेढीतही करता येऊ लागला.

याच बाईंनी शिकागो विद्यापीठात विद्यार्थिनी असताना स्नायूच्या एकेका धाग्यातली वीज मोजली होती. १९४६ मध्ये पीएचडी मिळाली, तेव्हा पदरात दोन मुलगे!

आता शुद्ध केलेल्या घटकाचं इंजेक्शन मिळतं. मुलाचा गुडघा वारंवार सुजला तर चोळू नका, अ‍ॅस्पिरिन देऊ नका. रक्त तपासून घ्या; मामालाही असा त्रास होता का, ते डॉक्टरांना सांगा.