आल्या पावली परत

आल्या पावली परत जाणे, हा आपल्या बोलण्यातील नित्याचा प्रयोग आहे. परंतु माणूस खरोखर आल्या पावली परत जातो काय, आणि जात असल्यास ती पावले त्याने कोठे जपून ठेवलेली असतात, हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो नाणेघाटाच्या पायथ्याशी, भाद्रपदातल्या एका दुपारी. सकाळी शहापूरहून मोटारसायकलने निघून, शेणवे आणि किन्हवली मागे टाकून मी सरळगावला आलो, तेथे कल्याणहून माळशेजकडे जाणारा हमरस्ता धरला, आणि टोकावड्यावरून वैशाखऱ्यास पोहोचलो. दिवस कलण्यापूर्वी परत फिरावयाचे होते. हँडलला घट्ट आवळून बसविलेल्या, पंजाएवढ्या जीपीएस यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवून मी त्यास आल्या वाटेनेच घरी नेण्याची आज्ञा केली, आणि त्या इवल्याशा नकाशावर सकाळपासूनची माझी सारी वाट एका रेघेच्या रूपाने मागे उलगडत गेली.

ही रेघ म्हणजे रस्त्याचे चित्र नव्हे. यंत्राच्या दप्तरी रस्ता म्हणून काही रुजू झालेलेच नसते. तेथे असतात ते केवळ अंक. अमुक क्षणी अमुक अक्षांश, अमुक रेखांश, समुद्रसपाटीपासून अमुक उंची, एवढीच प्रत्येक नोंद. अंशाच्या पाचव्या दशांशस्थळातील एका अंकाचा फरक म्हणजे जमिनीवरचा सुमारे एक मीटर, हे ध्यानी घेतले की त्या कोरड्या आकड्यांतून वाटेचे एकेक वळण कसे उभे राहते ते कळते. आणि अंकांचे हे दप्तर मी ज्या ठिकाणी उघडून पाहत होतो, त्या घाटाच्या माथ्यावर, सातवाहनांनी खोदविलेल्या लेण्यात, राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गाईंची व कार्षापणांची गणती त्यात ब्राह्मी अंकांत कोरलेली असून, या देशात आढळलेल्या अतिप्राचीन अंकचिन्हांत तिची गणना होते. जवळच जो दगडी रांजण आहे, तो जकात गोळा करण्यासाठी होता असे परंपरा सांगते. कल्याणच्या बंदरातून जुन्नरकडे चढणारे तांडे दोन हजार वर्षांपूर्वी ज्या वाटेने गेले आणि परतले, तिच्या तोंडाशी उभे राहून आकाशातून येणारे अंक वाचताना मला मोठे समाधान वाटले, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

हे अंक येतात कोठून? पावसाळ्यात माहुलीच्या सुळक्यांमागे वीज चमकली की गडगडाट कानी येईतो पोरे आकडे मोजतात. तीन आकडे झाले तर वीज सुमारे एक किलोमीटरावर पडली, कारण ध्वनीला तेवढे अंतर तोडावयास तीन सेकंद लागतात. वेळेवरून अंतर काढण्याची हीच युक्ती जीपीएसच्या मुळाशी आहे. मात्र तेथे चमक दिसत नाही. उपग्रहाचा संदेशच निघतेवेळी आपल्या निघण्याची वेळ अंगावर घेऊन येतो, जशी जुन्या तारेवर ती कोणत्या कचेरीतून किती वाजता सुटली याची नोंद असे. अमेरिकेने १९७८ पासून सोडलेले हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात. त्यांचा संदेश आपल्यापर्यंत येण्यास सेकंदाचा जेमतेम पंधरावा भाग लागतो. आणि प्रकाशाच्या वेगाने येणाऱ्या या संदेशाची वेळ मोजताना एका सेकंदाचा दशलक्षांश जरी चुकला, तरी अंतरात ३०० मीटरांची तफावत पडते. म्हणून उपग्रहांवर अणुघड्याळे बसविलेली असतात. आपल्या हँडलवरच्या यंत्रात तसले महागडे घड्याळ असणे शक्य नाही, तेथे साधा क्वार्ट्‌झचा स्फटिक असतो. सबब स्थान ठरविण्यास तीन उपग्रह पुरे पडले असते, त्या जागी चौथा लागतो, आणि तो चौथा आपल्या घड्याळाची चूक किती ते सांगतो. स्थानाच्या तीन अज्ञात राशी आणि काळाची एक, अशी चार समीकरणे ते यंत्र क्षणोक्षणी सोडवीत असते.

येथे आइन्स्टाइनला बाजूस ठेवून चालत नाही. उपग्रह वेगाने धावत असल्यामुळे त्यावरचे घड्याळ दिवसाकाठी सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडते, तर गुरुत्वाकर्षण तेथे क्षीण असल्यामुळे तेच घड्याळ सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे धावते. वजाबाकी करता ३८ मायक्रोसेकंदांची जी आघाडी उरते, तिचा बंदोबस्त घड्याळाचा ठोका आधीच किंचित मंद करून ठेवून केलेला आहे. तो केला नसता, तर एका दिवसात सुमारे ११ किलोमीटरांची चूक साचली असती. शहापूरपासून मुरबाड सरळ रेषेत मोजले तर बावीसएक किलोमीटर भरते. म्हणजे सापेक्षतेचा सिद्धान्त विसरणारे यंत्र एका दिवसात त्या अंतराच्या निम्म्याने चुकले असते. विश्वाच्या स्वरूपाविषयीचे एवढे गहन चिंतन किन्हवलीच्या तिठ्यावर कोणता फाटा घ्यावा हे सांगण्याच्या कामी यावे, हे मला मानवी बुद्धीच्या परम वैभवांपैकी एक वाटते.

परतण्याच्या रीती मात्र अनेक आहेत. स्वयंपाकघरातील मुंग्यांची रांग गंधाची रेघ ओढीत जाते आणि त्याच रेघेवरून वारुळाकडे परतते. हे खरे आल्या पावली परतणे. सहारातील कॅटाग्लिफिस जातीची मुंगी याच्या उलट, भक्ष्य शोधताना वेडीवाकडी भटकते, पण परतताना बिळाकडे सरळ रेषेत धावते. दिशा ती आकाशातील प्रकाशावरून ठरविते आणि अंतर पावले मोजून. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा मुंग्यांच्या पायांस डुकराचे केस जोडून ते लांब केले, तेव्हा परतताना त्या बीळ ओलांडून पुढे गेल्या. पाय आखूड केलेल्या मुंग्या अलीकडेच थबकून शोध घेऊ लागल्या. मोटारसायकलवरील यंत्राला या दोन्ही रीती येतात, शिवाय मुंगीला अवगत नसलेली तिसरीही येते. ती अशी की नकाशात नोंदलेल्या सर्व रस्त्यांचे जाळे चाचपून, दोन ठिकाणांमधली सर्वांत कमी वेळाची वाट गणिताने काढावयाची. या गणिताची एक मूळ रीत डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांना १९५६ साली अ‍ॅम्स्टरडॅममधील एका उपाहारगृहात कॉफी घेता घेता वीसेक मिनिटांत सुचली, आणि १९५९ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. ती निर्दोष आहे. पण नकाशात जो रस्ता नाही, तो तिच्या लेखी जगातच नाही. शहापूर-मुरबाडच्या वाड्या-पाड्यांत याचा प्रत्यय पदोपदी येतो. पाणंदी, बैलवाटा, जंगलखात्याचे कच्चे रस्ते यांतील कितीतरी नकाशावर उमटलेलेच नाहीत, आणि म्हणून अशा मुलखात दुसऱ्याने काढलेल्या नकाशापेक्षा आपल्या चाकांनी काढलेली रेघ मी अधिक विश्वसनीय मानतो.

तीही निखळ नसते, हे सांगितले पाहिजे. स्मृतीत जागा वाचावी म्हणून पुष्कळ यंत्रे प्रत्येक बिंदू ठेवीत नाहीत. सरळ रस्त्यावर दोन टोके राखली की मधले बिंदू गाळता येतात, घाटातल्या नागमोडीत मात्र जवळजवळ सारेच राखावे लागतात. कोणता बिंदू गाळल्याने रेघ किती ढळते हे पाहून निवाडा करण्याची पद्धत डग्लस व प्यूकर यांनी १९७३ साली मांडली, आणि नकाशाशास्त्रात ती आजही प्रचलित आहे. चहासाठी मी जेथे अर्धा तास थांबलो, तेथे रेघेचा बारीकसा गुंता झालेला दिसला. माणूस स्थिर असला तरी मापनातील चूक स्थिर नसते, आणि बिंदू जागच्या जागी भिरभिरत राहतो. होकायंत्राची जोड नसलेले यंत्र उभ्या गाडीचे तोंड कोणीकडे आहे हेही सांगू शकत नाही. दहा-वीस पावले चालविल्यावर मगच बाण ताळ्यावर येतो. तिठ्यावर थांबून बाणाकडे टक लावणारा नवखा प्रवासी गोंधळतो तो येथेच.

शहापूर आणि मुरबाड या आमच्या दोन तालुक्यांत चुकीला आणखीही वाटा आहेत. माळशेजचे काळे बसाल्टी कडे अर्धे आकाश झाकून टाकतात, आणि कड्यावर आपटून येणारा संदेश थेट येणाऱ्या संदेशापेक्षा लांबचा पल्ला तोडून पोहोचल्यामुळे यंत्राला खोटे अंतर सांगतो. तानसाच्या रानात पावसाळ्यात सागाची रुंद पाने भिजून जड झालेली असतात. पाणी संदेशाच्या लहरी शोषून घेते. फाल्गुन-चैत्रात तोच साग निष्पर्ण झाला की त्याच वाटेवर रेघ अधिक नितळ उमटते. भारतीय नाविक या उपग्रहमालिकेची रचना या दृष्टीने मला विशेष समर्पक वाटते. २०१३ च्या जुलैपासून २०१६ च्या एप्रिलपर्यंत तिचे सात उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीच्या कक्षांत स्थापन झाले. ते जगभर न हिंडता आपल्या भूभागावरून सदैव दिसत राहावेत, अशी ही योजना. पहिल्या उपग्रहावरील परदेशी बनावटीची तिन्ही अणुघड्याळे बंद पडली, तो मोठा आघात होता. त्यानंतर अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात घडविलेले रुबिडियम घड्याळ घेऊन २९ मे २०२३ रोजी याच मालिकेतला एनव्हीएस-०१ हा उपग्रह आकाशात गेला, तेव्हा काळ मोजण्याची ही विद्या आपल्या घरची झाली.

आता त्या दिवसाची गोष्ट पुरी करतो. सकाळी सरळगावच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून मी एका वाडीवरून जाणारी आडवाट धरली होती, आणि ओढ्यावरची फरशी कोरड्या चाकांनी ओलांडली होती. परतताना तेथे पोहोचलो तो दुपारच्या पावसाचे पाणी डोंगरावरून उतरून फरशीवरून गढूळ लोट वाहत होते. पडद्यावरची रेघ निःशंकपणे त्या पाण्यातून पलीकडे गेली होती. गुरे घेऊन परतणारे एक वृद्ध गृहस्थ काठी टेकून उभे राहिले.

“भाऊ, आज फरशीवरून जाऊ नको. पानी उतरायला रात होईल.”

“दुसरी वाट आहे का, बाबा?”

“हाय ना. वाडीच्या वरनं बैलवाट हाय. टेपाडाला वळसा घालून फुडं डांबरीला लागती.”

त्यांचे बैल पुढे, ते मागे, आणि त्यांच्या मागून पहिल्या गिअरमध्ये मी, असे आम्ही टेपाड चढलो. यंत्राचा बाण काही काळ मागे वळण्याचा आग्रह करीत राहिला. मी तिकडे लक्ष दिले नाही. माथ्यावर त्यांनी काठीने उतरण दाखविली, आणि खाली डांबरी रस्ता ओला चमकताना दिसला.

रात्री घरी दिव्याखाली जाण्याची व येण्याची अशा दोन्ही रेघा एकावर एक ठेवून पाहिल्या. बहुतेक ठिकाणी त्या एकमेकींपासून चार-पाच मीटर अंतराने गेलेल्या होत्या. जाताना रस्त्याची एक बाजू आणि येताना दुसरी, हे त्याचे कारण असावे असे मला क्षणभर वाटले. परंतु मापनातील चूकही तेवढीच असते, तेव्हा तो निष्कर्ष मी काढला नाही. एकाच जागी त्या ठळकपणे दूर झाल्या होत्या. तेथे नकाशावर कसलाही रस्ता नव्हता, केवळ कोरी जागा, आणि तिच्यातून टेपाडाला वळसा घालून गेलेली ती नवी रेघ. माथ्यावर जेथे काठी उचलली गेली होती, त्या बिंदूवर मी एक खूण केली आणि तिला ‘बैलवाट’ असे नाव देऊन ती जपून ठेवली.