जिथे दार फोडून कुणी येत नाही

(स्पॉयलर अलर्ट : ‘स्टाइन्स;गेट’ खेळायचं किंवा बघायचं राहिलं असेल, तर आधी ते उरका. मग या.)

माझी रूममेट एकदा माझ्या लॅपटॉपवर थेट ‘स्टाइन्स;गेट : माय डार्लिंग्ज एम्ब्रेस’ लावून बसली. अर्ध्या तासात वैतागली. “ही मुलगी दारातून येते, ‘तुत्तुरू’ म्हणते, आणि तू रडतेस. काय प्रकार आहे हा?”

आता काय सांगणार? हा गेम नवख्यांसाठी नाहीच. ज्यांचं काळीज आधीच्या गेमने कुरतडून ठेवलंय, त्यांच्यासाठी केलेली ही रॉमकॉम आहे.

आधीचा गेम २००९चा. व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे चित्रं, आवाज आणि ढीगभर वाचन. अधूनमधून निर्णय तुमचा, तोही फोनवरून : कॉल उचलायचा की नाही, मेलला काय उत्तर द्यायचं. टोकियोच्या अकिहाबारात, जुन्या टीव्हीच्या दुकानावरच्या खोलीत ओकाबे रिन्तारो नावाचा कॉलेजकुमार स्वतःला मॅड सायंटिस्ट म्हणवत ‘लॅब’ चालवतो. तिथला मायक्रोवेव्ह चुकून भूतकाळात मेसेज पाठवायला लागतो. मग काय, जो तो आपलं आयुष्य दुरुस्त करून घेतो. आणि एका संध्याकाळी बंदुका घेऊन माणसं लॅबचं दार फोडून आत येतात. ओकाबेची बालमैत्रीण मायुरी मरते. तो मागे जातो, ती पुन्हा मरते. कशीही वाचवा, मरतेच. तिला वाचवायचं तर मित्रमैत्रिणींसाठी पाठवलेला एकेक मेसेज रद्द करायचा. फेरिसचे वडील त्या मेसेजमुळे जिवंत असतात, त्यांनाही परत गमवायचं.

एवढं सोसल्यावर जून २०११मध्ये जपानात एक्सबॉक्स ३६०वर हा गेम आला. ॲनिमे तेव्हा टीव्हीवर अर्ध्यावर होता! इंग्रजीत यायला डिसेंबर २०१९ उजाडला. आठ वर्षं. माणसं तरीही थांबली होती.

जपानी नावातले ‘हियोकु रेन्री’ हे शब्द नवव्या शतकातल्या बाई जुयी या चिनी कवीच्या कवितेतून आलेत : एकमेकांशिवाय उडू न शकणारे दोन पक्षी आणि फांद्या गुंतलेली दोन झाडं. ती कविता सम्राट आणि त्याच्या मेलेल्या प्रेयसीची. नाव एवढं भारदस्त, आणि आत? गैरसमज, लाजणं, पैशांची चणचण, फालतू जोक. खरं सांगायचं तर काही जोक फारच ताणलेत, आणि रोमान्स बऱ्याचदा ठरलेल्या वळणांनीच जातो. निव्वळ गेम म्हणून मार्क द्यायचे तर जेमतेम फर्स्ट क्लास.

पण इथे दार फोडून कुणी येत नाही. मायुरी सोफ्यावर बसते, खाते, बडबडते. कुरिसू ओकाबेशी भांडते आणि दुसऱ्या दिवशीही भांडायला असते. मोएकाशी गोड बोलायचा प्रसंग आला तेव्हा माझा हात काही केल्या पुढे जाईना. मूळ गोष्टीत मायुरीवर बंदूक हिनेच रोखली होती ना! या गेमातल्या मोएकाने काहीच केलेलं नाही, हे मला कळतं. पण राग कुठे जातो?

तिथेच मला या गेमची गंमत कळली. जग बदललं तरी ओकाबेची आठवण शाबूत राहते, ही त्याची खास ताकद. या गेममध्ये ती ताकद खेळणाऱ्याकडे येते. पडद्यावर नुसती मजा चालते. त्या मजेची किंमत काय होती, हे फक्त आपल्याला माहीत असतं. म्हणून साध्या ‘तुत्तुरू’ला घसा दाटतो. काहींना वाटतं, असं सुखाचं जग दाखवून ओकाबेच्या त्यागाची किंमतच घालवली. मलाही आधी तसंच वाटायचं. पण मायुरीला एकदा तरी निवांत बसलेलं बघायचं होतं मला, त्याला काय करू?

रूममेटने शेवटी मूळ गेम सुरू केला. तीन आठवड्यांनी रात्री दोन वाजता तिने मला हलवून उठवलं. डोळे सुजलेले.

“वाचते ना ती?”

“खेळत राहा,” मी म्हटलं. “संपला की डार्लिंग लावू.”