तोळाभर गोळी: शिशाची की तांब्याची?

रेडमंडच्या ऑफिसातला एखादा सहकारी तुम्हाला हरणाच्या शिकारीला बोलावतो. दुकानात काडतुसांच्या खोक्यांवर 150, 165, 180 असे आकडे दिसतात. हे गोळीचे वजन, ग्रेनमध्ये. 180 ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा! ब्रिटिशांनी 1833 साली आपला तोळा तसाच ठरवला होता.

वॉशिंग्टन राज्यात हरणासाठी रायफलच्या गोळीचा व्यास किमान 0.24 इंच लागतो. तो प्रश्न सोपा. खरा प्रश्न धातूचा.

शिशाची गोळी लागताच पसरते आणि तिचे बारीक कण उडतात, जखमेपासून दूरच्या मांसातही. ते डोळ्यांना दिसत नाहीत, दाताखाली कळत नाहीत. आंबट रश्श्यात तर शिसे जास्तच विरघळते. लहान मुले आणि गरोदर बायकांना त्याचा धोका सर्वात मोठा. 2008 मध्ये नॉर्थ डकोटाच्या आरोग्य खात्याने अन्नपेढ्यांना दान आलेला हरणाचा खिमा टाकून द्यायला सांगितले होते. कॅलिफोर्नियात 2019 पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही.

तांब्याची गोळी पाकळ्यांसारखी उमलते, पण बहुधा अखंड राहते. मात्र तांबे शिशापेक्षा हलके (घनता 8.96, शिशाची 11.34), म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि काही नळ्यांतून ती डगमगत जाते. शिवाय उमलायला तिला वेग हवा. तेव्हा 180ऐवजी 150 किंवा 165 घ्या, आणि जंगलात जाण्याआधी त्याच काडतुसांनी नेम पुन्हा जुळवा.

शिकारीला जायचेच नसेल, तरी शेजाऱ्याने खिमा दिला तर गोळी कसली होती, एवढे विचाराच.